जुन्या लाद्यांवर क्लिक-लॉक व्हायनिल पट्ट्या: निवड आणि बसवणी

प्रश्न – पायवाट

नमस्कार. बैठकीची खोली, तिला लागून असलेला पॅसेज आणि त्यापुढची झोपण्याची खोली अशा सलग भागात एकमेकींत अडकवून बसवायच्या व्हायनिल पट्ट्या घालण्याचा आमचा विचार आहे. घर तळमजल्यावर आहे. बैठकीच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये बऱ्याच जुन्या सिरॅमिक लाद्या आहेत. त्या तोडल्या तर होणारी धूळ आणि दणदणाट घरातल्या वृद्ध माणसांना सोसणार नाही, म्हणून शक्य असेल तर त्यांच्यावरच नवी जमीन घालावी असे वाटते. झोपण्याच्या खोलीतल्या लाद्या उखडल्याच होत्या, त्यामुळे तिथे दोन महिन्यांपूर्वी नवा कोबा करून घेतला आहे. तो वरून पांढुरका आणि कोरडा दिसतो.

माझ्यासमोर दोन नमुने आहेत. एक ४ मिलिमीटर जाडीचा असून हातात धरल्यावर पुठ्ठ्यासारखा वाकतो. दुसरा साडेपाच मिलिमीटरचा, पाटीसारखा ताठ आणि चांगलाच वजनदार आहे, आणि त्याच्या पाठीला फेसाचा पातळ थर चिकटवलेला आहे. दोन्ही खोक्यांवर ‘वॉटरप्रूफ’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. यातला कोणता घ्यावा, त्याखाली आणखी एखादा मऊ थर अंथरावा का, लाद्यांवर सरळ बसवले तर चालते का, आणि हत्यारे चालवण्याची बऱ्यापैकी सवय असलेल्या माणसाने हे काम स्वतः करावे का, याविषयी प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. घाई अजिबात नाही, पण एकदा बसवल्यावर दोन वर्षांत उचलावी लागेल अशी जमीन मला नको आहे.

प्रतिसाद – ओळंबा

आपण स्वतः करू शकाल, पण पट्टीची निवड क्षणभर बाजूला ठेवावी आणि आधी खालच्या जमिनीकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. या प्रकारची जमीन खाली कशालाही चिकटवलेली नसते. ती अख्खी चादरीसारखी नुसती ठेवलेली असते आणि सगळा भार तिच्या सांध्यांवर येतो. सांध्यातली जीभ आणि खाच जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर जाडीची असते. खाली खळगा असेल तर त्यावरून जाणारे प्रत्येक पाऊल तो सांधा किंचित वाकवते. पहिले काही महिने नुसता पोकळ आवाज येतो, मग एक दिवस जीभ तुटते आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये फट दिसू लागते. लोक त्या वेळी पट्टीला दोष देतात. मी उचलून पाहिलेल्या बहुतेक बिघडलेल्या जमिनींखाली मात्र मला खळगाच सापडला आहे.

समतलपणा मोजायला दोन मीटर लांबीची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पुरते. ती जमिनीवर उभ्या कडेने ठेवून उभी, आडवी आणि तिरपी अशी सगळीकडे सरकवत न्यावी. पट्टीखालून प्रकाशाची तिरीप दिसेल तिथे फट किती आहे ते मोजावे आणि खडूने गोल करून आकडा तिथेच लिहून ठेवावा. संध्याकाळी दिवे मालवून विजेरी जमिनीलगत आडवी धरली तर जे उंचवटे दिवसा नजरेला पडत नाहीत त्यांच्याही सावल्या पडतात. साधारणपणे दोन मीटरमध्ये ३ मिलिमीटर, किंवा तीन मीटरमध्ये ५ मिलिमीटरच्या आत फरक असावा अशी अट बहुतेक कंपन्यांच्या पत्रकांत असते. आपण घ्याल त्या मालाच्या पत्रकातली अट याहून कडक असेल तर तीच पाळावी. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. जमीन समतल असणे आणि ती पाणसळीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपूर्ण खोलीला एका बाजूला सारखा उतार असेल तर पट्ट्यांचे काही बिघडत नाही. त्यांना मारक ठरतो तो लाटांसारखा चढउतार.

जुन्या लाद्यांवर बसवता येते, मात्र प्रत्येक लादी लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तर ती खालून सुटलेली आहे असे समजावे. अशी लादी काढून तो भाग भरून घ्यावा, कारण डगमगणाऱ्या लादीवरचा सांधा टिकत नाही. लाद्यांमधल्या फटी (दर्जा) तीन मिलिमीटरहून रुंद किंवा खोल असतील तर त्याही भराव्यात, म्हणजे त्यांच्या रेषा कालांतराने वर उमटणार नाहीत. लहान खळग्यांना सिमेंटचे पॅचिंग मिश्रण पुरते, मोठ्या भागासाठी स्वतःहून पसरणारे सेल्फ-लेव्हलिंग मिश्रण ओतावे लागते. चकचकीत लादी पाणी शोषत नाही, म्हणून तिच्यावर ओतण्यापूर्वी अशा गुळगुळीत पृष्ठभागासाठी बनवलेला प्रायमर लावणे अनिवार्य आहे. तो न लावता ओतलेला थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. उंचवटे घासून काढताना धूळ ओढून घेणारे यंत्र आणि नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी, कारण सिमेंट आणि लादीच्या धुळीतले सिलिका फुप्फुसांना कायमची इजा करते.

आपल्याकडे सिरॅमिक लाद्या आहेत म्हणून हा भाग आपल्याला लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो. जमिनीवर १९८० च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या व्हायनिल वा डांबरी टाइल्स असतील तर त्यांच्यात आणि त्यांच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्या घासू नयेत आणि फोडूही नयेत. आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्याव्यात.

प्रतिसाद – गुण्या

निवडीविषयी लिहितो. तुमच्याकडचा ताठ नमुना बहुधा एसपीसी आहे, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा दाट गाभा असलेली पट्टी. वाकणारा नमुना साध्या लवचिक व्हायनिलचा आहे. याशिवाय डब्ल्यूपीसी नावाचा तिसरा प्रकार मिळतो. त्याचा गाभा फुगवलेला आणि हलका असल्यामुळे तो पायाला मऊ व उबदार वाटतो, पण जड कपाटाच्या पायाचा ठसा त्यात लवकर उमटतो. लवचिक पट्टी खालच्या जमिनीचा प्रत्येक दोष जसाच्या तसा वर दाखवते. अगदी वाळूचा खडा राहिला तरी काही दिवसांत वरून टेंगूळ दिसते. जुन्या लाद्यांवर बसवायचे असेल तर माझे मत निःसंशय ताठ पट्टीच्या बाजूने आहे. चुनखडीमुळे ती तापमानानुसार कमी फुगते आणि आकसते, हाही तिचा मोठा गुण आहे. तिचा दोष असा की चालताना थोडा कडक, टकटक आवाज येतो.

जाडीच्या आकड्याने भुलू नये. पट्टी किती वर्षे टिकेल हे तिच्या एकूण जाडीपेक्षा वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे वेअर लेअरवर अवलंबून असते. लाकडाची किंवा दगडाची नक्षी हा खाली छापलेला कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. वरचा थर झिजून तिथपर्यंत पोहोचला की पट्टी संपली. घासून पुन्हा चमकवण्याची सोय यात नाही. बेताची वर्दळ असलेल्या खोल्यांना ०.३ मिलिमीटरचा थर चालतो. पॅसेज, मुलांची खोली, स्वयंपाकघर किंवा पाळीव कुत्रा असलेले घर यांसाठी ०.५ किंवा ०.५५ मिलिमीटरचा घ्यावा. काही खोक्यांवर हा आकडा ‘मिल’ मध्ये दिलेला असतो. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्यामुळे १२ मिल म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर आणि २० मिल म्हणजे सुमारे ०.५ मिलिमीटर. मिल आणि मिलिमीटर यांची गल्लत करून लोक फार पातळ थर घरी आणतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. युरोपीय वर्गीकरण छापलेले असेल तर २३ हा घरातल्या सर्वाधिक वर्दळीचा वर्ग आहे, आणि ३१ पासून पुढचे वर्ग व्यावसायिक वापराचे आहेत.

सांध्याची जात दुकानातच पाहून घ्यावी. काही पट्ट्यांत लांब आणि आखूड अशा दोन्ही कडा तिरप्या धरून अडकवाव्या लागतात. काहींत लांब कड तिरपी धरून बसवायची आणि आखूड कड वरून दाबून किंवा रबरी हातोड्याने हलकेच ठोकून खाली बसवायची असते. एकट्याने काम करणाऱ्याला दुसरा प्रकार फार सोयीचा पडतो. दोन नमुने मागून घ्यावेत, ते पाच-सहा वेळा जोडून पुन्हा सोडवावेत आणि जिभेची कड भुरभुरते का ते पाहावे. ज्या पट्टीची जीभ हातातच तुटते ती पायाखाली काय टिकणार?

आणखी मऊ थर अंथरू नये. पाठीला फेस चिकटवलेला आहे तोच पुरे आहे. त्याखाली दुसरा मऊ थर घातला तर पाऊल पडेल तिथे पट्टी दबते, म्हणजे वर ओळंबा यांनी वर्णन केलेला खळगा आपण स्वतःच सगळ्या खोलीभर तयार करतो.

घरात लहान मुले असतील तर घातक थॅलेटे नसल्याचे आणि घरातल्या हवेत कमी वायू सोडत असल्याचे प्रमाणपत्र मागावे. पीव्हीसी मऊ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चार थॅलेटांवर युरोपीय संघाने जुलै २०२० पासून वस्तूंमध्ये ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. चांगला विक्रेता हे कागद दाखवायला कुरकुरत नाही.

प्रतिसाद – पायवाट

दोघांचेही मनापासून आभार. गेल्या दोन संध्याकाळी मोजणी केली. बैठकीच्या खोलीत खिडकीलगत दोन मीटरच्या पट्टीखाली ७ मिलिमीटरचा खळगा निघाला. तो इतकी वर्षे पायाखाली असून मला कधी जाणवला नव्हता. बाकी खोली तीन मिलिमीटरच्या आत आहे. पॅसेजमध्ये सहा लाद्या बद्द वाजल्या. त्यांतल्या दोन छिन्नीचे टोक लावताच अख्ख्या हातात आल्या.

झोपण्याच्या खोलीत मी साधारण ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून कोब्यावर बसवला आणि दुसऱ्या दिवशी उचलला. आतल्या बाजूला थेंब नव्हते, पण कागदाखालचा कोबा आजूबाजूच्या भागापेक्षा स्पष्टपणे काळसर दिसत होता. पट्टी जर वॉटरप्रूफ आहे, तर खालच्या एवढ्या ओलीची काळजी करण्याचे कारण आहे का?

प्रतिसाद – कोबा

कारण आहे, आणि या संपूर्ण विषयातला सर्वांत मोठा गैरसमज नेमका इथेच आहे. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पट्टीपुरता खरा आहे. ती पाण्यात बुडवून ठेवली तरी लॅमिनेटसारखी फुगत नाही. पण पाणी वरून आत जात नाही तसेच खालची ओलही वर निघून जात नाही. ती पट्टी आणि कोबा यांच्यामध्ये कोंडली जाते. तिथे बुरशी धरते, कोंदट वास येतो. ओलीबरोबर वर येणारे सिमेंटचे अल्कली फेसाचा थर आणि चिकटपट्ट्या खराब करतात. वरून जमीन सुंदर दिसत असते आणि स्कर्टिंगच्या कडेने काळे डाग चढू लागतात, तेव्हा कुठे घरच्यांना कळते.

कोबा २८ दिवसांत पक्का होतो, हे खरे. पक्का होणे म्हणजे सिमेंटने पाण्याशी संयोग पावून ताकद धरणे, आणि वाळणे म्हणजे जास्तीचे पाणी हवेत निघून जाणे. ही दुसरी क्रिया फार सावकाश चालते. जमिनीवरचा कोबा फक्त वरच्या बाजूने वाळतो, म्हणून जाड कोब्याला कित्येक महिने लागतात. वरचा पृष्ठभाग आधी वाळतो आणि पांढरा दिसतो. पोटात पाणी तसेच असते. आपण वर कागद चिकटवताच ते पाणी वर येऊन थांबले आणि कोबा काळसर पडला. तुमच्या चाचणीचा अर्थ स्पष्ट आहे: ही खोली अद्याप तयार नाही.

यापुढेही एक सावधगिरी बाळगावी. कागदाची चाचणी ओल आहे हे सांगते. पण तिच्यात काही दिसले नाही म्हणून ओल नाही असे सिद्ध होत नाही, कारण खोली थंड असेल किंवा हवा दमट असेल तर ती फसवते. खात्रीची पद्धत म्हणजे कोब्यात भोक पाडून त्याच्या जाडीच्या ४० टक्के खोलीवर आर्द्रतामापक बसवणे आणि आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता मोजणे. पट्टीच्या पत्रकात आर्द्रतेची कमाल मर्यादा दिलेली असते, तिच्याशी तो आकडा ताडून पाहावा. हे काम करून देणारा माणूस सापडत असेल तर एवढी एक गोष्ट जरूर बाहेरून करून घ्यावी.

मर्यादेत आल्यावरसुद्धा तळमजला असल्यामुळे पट्ट्यांखाली किमान ०.१५ मिलिमीटर जाडीचा पॉलिथीन कागद अंथरावा. कंपनीचे पत्रक आधी पाहावे, कारण काहींना वेगळा थर अपेक्षित असतो. दोन कागदांचा एकमेकांवर २० सेंटिमीटर पदर घ्यावा आणि त्यावर चिकटपट्टी लावावी. कडेला कागद भिंतीवर थोडा चढवून ठेवावा आणि स्कर्टिंग बसवण्यापूर्वी कापावा. तोपर्यंत त्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंखा चालू ठेवावा आणि कोब्यावर गालिचा किंवा खोकी पसरू नयेत.

प्रतिसाद – चौकट

माझा अनुभव कामाला येईल म्हणून लिहिते. आमची जमीन एका कारागिराने दोन दिवसांत बसवली आणि ती दिसायला उत्कृष्ट होती. खालची जमीन समतल होती, ओल नव्हती, पट्टीही चांगल्या प्रतीची होती. पहिला उन्हाळा लागला तसे दुपारच्या वेळी खोलीच्या मधोमध दोन ओळींचे सांधे घराच्या आढ्यासारखे वर उचलले जाऊ लागले. पहाटे ते आपोआप खाली बसत आणि दुपारी पुन्हा उठत. मी त्यावर कुंड्या ठेवून पाहिल्या, पण उंचवटा नुसता शेजारच्या ओळीत सरकला.

शेवटी स्कर्टिंग काढले तेव्हा कारण दिसले. भिंतीशी एक नख जाईल एवढीही जागा सोडलेली नव्हती. एका बाजूला भिंतीलगतचे पुस्तकांचे कपाट पट्ट्यांवर ठेवून ते भिंतीला आणि खाली जमिनीला स्क्रूने आवळलेले होते. दाराचा अडसरही पट्टीतून थेट काँक्रीटमध्ये ठोकलेला होता. म्हणजे फुगून सरकण्यासाठी जमिनीला चारही बाजूंनी वाट बंद होती, आणि पश्चिमेच्या मोठ्या काचेतून रोज कित्येक तास ऊन पडत होते. त्या माणसाला बोलावले तर तो म्हणाला की माल खराब आहे. आम्ही स्वतः स्क्रू काढले, चारही कडांनी ८ मिलिमीटर जागा कापून मोकळी केली, काचेला पडदा लावला, आणि त्यानंतर जमीन एकदाही उठली नाही. दोन पट्ट्यांच्या जिभा मात्र तोवर तुटल्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की या जमिनीवर काहीही खिळवू नये. भिंतीतली कपाटे किंवा ओटा आधी बसवावा आणि पट्ट्या त्याच्या कडेपर्यंत आणाव्यात. फ्रीज, पलंग, सोफा असे नुसते ठेवलेले सामान जड असले तरी चालते. आणि फर्निचरच्या पायांखाली रबर लावू नये, रबरी पाठ असलेले पायपुसणेही ठेवू नये. रबरातली द्रव्ये व्हायनिलमध्ये उतरून पिवळा डाग पडतो आणि तो कशानेही जात नाही. नमद्याच्या चकत्या लावाव्यात.

प्रतिसाद – ओळंबा

चौकट यांनी जे लिहिले आहे ते प्रत्येकाने काम सुरू करण्यापूर्वी वाचावे असे आहे. आता पायवाट यांच्यासाठी प्रत्यक्ष बसवणीविषयी.

माल क्षेत्रफळापेक्षा दहा टक्के जास्त घ्यावा आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याचे पाहावे. उरलेल्या चार-पाच पट्ट्या जपून ठेवाव्यात, कारण पुढे दुरुस्तीसाठी तीच छटा मिळेलच असे नाही. खोकी ज्या खोलीत बसवायची तिथे ४८ तास आडवी ठेवावीत, म्हणजे माल खोलीच्या तापमानाला येतो. बसवताना तीन-चार खोकी एकदम उघडून पट्ट्या मिसळाव्यात, नाहीतर एकसारखी नक्षी शेजारी-शेजारी येऊन छापील आहे हे लगेच कळते.

पहिली ओळ टाकण्यापूर्वी हिशेब करावा. समजा खोलीची रुंदी ३४६० मिलिमीटर आहे आणि पट्टी १८० मिलिमीटर रुंद आहे. दोन्ही भिंतींशी ८ मिलिमीटर सोडले तर ३४४४ उरतात. १९ पूर्ण ओळींना ३४२० लागतात, म्हणजे शेवटच्या ओळीला अवघी २४ मिलिमीटरची काडी उरते. ती नीट अडकत नाही आणि दिसतेही वाईट. त्याऐवजी १८ पूर्ण ओळी घ्याव्यात, उरलेल्या २०४ मिलिमीटरची निम्मी वाटणी करावी आणि पहिली व शेवटची ओळ १०२ मिलिमीटरची ठेवावी. हा पाच मिनिटांचा हिशेब न केल्यामुळे शेवटच्या दिवशी डोक्याला हात लावून बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

भिंत क्वचितच सरळ असते, म्हणून भिंतीवर विसंबून न राहता दोरी ताणून सरळ रेष आखावी आणि पहिली ओळ तिला समांतर ठेवावी. भिंत वाकडी असेल तर पहिल्या ओळीची भिंतीकडची कड त्या वाकानुसार कापावी. भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये पाचरी ठोकून जागा राखावी. पहिल्या दोन ओळी हे सगळ्या कामाचे मर्म आहे. त्या किंचितही तिरप्या गेल्या तर पुढची प्रत्येक ओळ तो दोष वाढवत नेते, आणि दहाव्या ओळीला सांधे मिटेनासे होतात. माझ्या मते निम्मा दिवस या दोन ओळींना दिला तरी तो वाया जात नाही.

नवी पट्टी साधारण २० ते ३० अंशांत तिरपी धरावी, जीभ खाचेत टेकवावी आणि पुढे रेटत हळूच खाली आणावी. ती नीट बसली की हाताला एक बारीक टक जाणवते आणि सांध्यावरून नख फिरवले तर ते कुठेही अडत नाही. नख अडले तर ठोकत बसू नये. पट्टी पुन्हा उचलावी आणि खाचेत काय आहे ते पाहावे. ठोकायचेच झाले तर लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा मध्ये धरावा, हातोडा कडेवर थेट कधीही मारू नये. शेवटच्या ओळीत हातोड्याला जागा नसते. तिथे टोकाला वाकवलेली लोखंडी पट्टी कडेला अडकवून ओढून घ्यावे.

एका ओळीतले आडवे सांधे शेजारच्या ओळीतल्या सांध्यांपासून किमान २० ते ३० सेंटिमीटर दूर असावेत. ओळीच्या शेवटी कापलेला तुकडा पुरेसा लांब असेल तर तोच पुढची ओळ सुरू करायला वापरावा. यामुळे माल वाचतो आणि सांध्यांची मांडणी आपोआप विस्कळीत, म्हणजे हवी तशी राहते.

कापण्यासाठी धारदार सुरीने वरून दोन-तीनदा खोल रेघ मारावी आणि पट्टी मागे वाकवून मोडावी. मग पाठीचा फेस कापावा. आडव्या कापाला हे सहज जमते. लांबीत किंवा दाराच्या चौकटीभोवतीच्या आकारात कापायला जिगसॉ लागते आणि चुनखडीमुळे पाती लवकर बोथट होतात, तेव्हा ती जास्तीची आणून ठेवावीत. नळासाठी भोक पाडताना नळाच्या जाडीपेक्षा दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर मोठे पाडावे.

लाकडी चौकटीचा पाय कापून पट्टी त्याखाली सरकवावी. पट्टीचा एक तुकडा जमिनीवर पालथा ठेवून त्यावर करवत आडवी टेकवली की नेमकी उंची मिळते. चौकटीखाली पट्टी तिरपी धरता येत नाही. तिथे खाचेचा वर आलेला ओठ पटाशीने तासून काढावा, त्या सांध्याला योग्य गोंद लावावा आणि पट्टी सपाटच आत सरकवावी. जमिनीची उंची साडेपाच मिलिमीटरने वाढणार आहे, म्हणून दारे अडतात का हे आधीच तपासावे.

पॅसेज आणि खोल्या सलग जोडाव्यात का, हे पत्रकातल्या कमाल लांबीवर ठरवावे. आपल्या बाबतीत झोपण्याची खोली काही महिन्यांनी होणार असल्यामुळे तिच्या दारात वेगळी जोडपट्टी घालणे मला शहाणपणाचे वाटते.

प्रतिसाद – पायवाट

सहा आठवड्यांनी लिहीत आहे. ताठ पट्टीच घेतली, ०.५५ मिलिमीटरच्या वेअर लेअरची. खिडकीलगतचा खळगा प्रायमर लावून, लेव्हलिंग मिश्रण ओतून भरला, पॅसेजमधल्या सहा लाद्या काढून ती जागा सिमेंटने सपाट केली आणि आठवडाभर वाळू दिली. तळमजला म्हणून पत्रकात सांगितल्याप्रमाणे पॉलिथीन अंथरले. बैठकीची खोली आणि पॅसेज मिळून चार दिवस लागले. त्यातला पहिला दिवस खरोखरच दोन ओळींत गेला.

तिसऱ्या ओळीत एका सांध्यावर नख अडले. आधी वाटले की तेवढे चालेल, आणि मी पुढच्या दोन पट्ट्या लावल्याही. पण जेवायला उठताना पुन्हा तिथेच बोट गेले. मग तीनही पट्ट्या सोडवल्या. खाचेत मोहरीच्या दाण्याहून लहान असा पांढरा कण होता, आदल्या कापातून उडालेला चुनखडीचा. तो काढल्यावर तीच पट्टी त्याच जागी बारीक टक करून बसली आणि सांधा दिसेनासा झाला. त्यानंतर प्रत्येक पट्टी लावण्यापूर्वी रंगाच्या कोरड्या ब्रशने खाच झाडून घेतली आणि कापण्याचे काम पॅसेजच्या बाहेर नेले.

झोपण्याच्या खोलीतला कोबा मापकाने तपासून घेतला. आकडा पत्रकातल्या मर्यादेच्या अजून वर आहे. तिथली खोकी आडवी रचून दुसऱ्या खोलीत ठेवली आहेत, दारात जोडपट्टीची जागा सोडली आहे, आणि पुढची मोजणी एका महिन्याने ठरवली आहे.